नांगर, चूल आणि कोयता : खानदेशातील वसाहतीच्या इतिहासात दांपत्याचे स्थान

जुन्या महसुली कागदपत्रांत ओसाड गावाला 'बेचिराख' म्हटलेले असते. फारसी 'चिराग' म्हणजे दिवा; ज्या गावात संध्याकाळी दिवा लागत नाही, ते बेचिराख. जमीन पडीक झाली, विहिरी बुजल्या, गावठाणावर बाभळी माजल्या, यांपैकी कोणतीही खूण या शब्दाने पत्करलेली नाही. त्याने दिव्याची खूण पत्करली आहे. शेत दुसऱ्या गावाहून येऊनही कसता येते आणि पुष्कळदा तसे ते कसले जातही असे. दिवा लावावयास मात्र घर लागते, आणि घर म्हटले म्हणजे निदान दोन माणसे लागतात. हा शब्द रूढ करणाऱ्या कारकुनांनी एवढा विचार केला असेल असे नाही. परंतु त्यांच्या लेखणीतून एक गोष्ट नकळत नमूद होऊन गेली आहे. मराठी मुलखातील गावाची दोन अंगे असतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. खानदेशच्या वसाहतीचा जो इतिहास आजवर लिहिला गेला तो बहुतांशी काळीचा आहे. पांढरीवर नव्याने येऊन संसार मांडणाऱ्या नवराबायकोंचा शोध त्यात लागत नाही. तो कोठे लागू शकेल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम काळीचा वृत्तांत थोडक्यात पाहू. इ. स. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजांनी खानदेश उद्ध्वस्त केला आणि पाठोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ आला. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत पेंढारी, अरबांच्या शिबंद्या आणि डोंगरी नाईकांच्या धाडी यांनी मुलूख सावरू दिला नाही. धुळे शहर त्या दुष्काळात पूर्णपणे ओस पडले होते. पुढच्याच वर्षी विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसविले. तरी १८१९ साली तेथे अडीच हजारांच्या आसपास माणसे व सुमारे ४०० घरे एवढीच वस्ती होती. १८१८ साली प्रांत कंपनी सरकारच्या ताब्यात आल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांची तेथे नेमणूक झाली व त्यांनी धुळे हे मुख्य ठाणे केले. वाघांचा उपद्रव एवढा होता की नव्या अंमलाला बंदोबस्ताच्या इतर कामांबरोबर शिकारीचेही काम करावे लागले. अशा मुलखात शेतकरी आणून बसविणे हे पहिले कार्य होते आणि त्याची साधने जुन्या अंमलापासून तयार होती : पाटलास कौल द्यावा, बी-बैलांसाठी तगाई द्यावी, आणि इस्ताव्याने, म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र व पुढे दरवर्षी चढत्या दराने, सारा घ्यावा.

या साधनांचा उपयोग झाला यात शंका नाही. १८७२ च्या खानेसुमारीत खानदेश जिल्ह्याची लोकसंख्या दहा लाखांवर भरली, १८८१ मध्ये ती बारा लाखांवर गेली. मधल्या काळात मुंबईहून निघालेली लोहमार्गाची वाट भुसावळपर्यंत येऊन पुढे गेली होती, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या वर्षांत कापसाला अपूर्व भाव आला होता, आणि जळगाव हे पेठेचे गाव बनत होते. एवढी वाढ केवळ जननाने होत नाही. माणसे बाहेरून आली. घाटाखालून आली, वऱ्हाडाकडून आली, निमाडाकडून आली, गुजरातेतून आली.

पण कोण आली? कौलात पाटलाचे नाव असते. फार तर कुळाचे असते. मोजदाद औतांची होते : अमुक गावी इतकी औते चालू झाली, म्हणजे गाव इतके वसले. औत हे मोजण्यास सोयीचे माप आहे. त्यातून साऱ्याचा अंदाज बांधता येतो. तथापि औत एका माणसाने चालत नाही, हे शेतीशी थोडाही परिचय असलेल्यास सांगावे लागत नाही. पाभर हाकणारा पुरुष असला तर चाड्यावर मूठ धरणारे दुसरे माणूस लागते. मोट एकाने हाकावयाची तर दुसऱ्याने दारे धरावयाचे. निंदणी, खुरपणी आणि कापसाची वेचणी ही कामे तर जवळजवळ सर्वस्वी बायकांची. यांखेरीज दळण, पाणी, सरपण आणि गुरांचे शेण आहेच. तगाईत मिळालेली बैलजोडी दावणीला बांधून एकटा पुरुष नव्या मुलखात शेतकरी होऊ शकत नव्हता. तो फार झाले तर दुसऱ्याच्या वाड्यात सालदार राहू शकत होता. म्हणजे कौलाच्या भाषेत ज्याला 'औत' म्हटले आहे, तो वस्तुतः एक संसार आहे. कागदाने बैल मोजले, पुरुषाचे नाव घातले, आणि ज्या माणसाच्या येण्याने दिवा लागला त्याची नोंद केली नाही.

हा दोष इंग्रजी अंमलाचाच आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. मराठी दप्तरातही स्थिती निराळी नाही. परंतु एका प्रसंगी मात्र नव्या अंमलाला दांपत्याचा विचार करावा लागला, आणि तो प्रसंग विलक्षण आहे. १८२५ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना भिल्लांच्या बाबतीत नवे धोरण सुरू झाले. एका बाजूने जेम्स औट्रम यांनी धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली. दुसऱ्या बाजूने भिल्ल एजंट नेमून त्यांच्याकडे भिल्लांच्या शेती-वसाहतींचे काम सोपविले. दक्षिणेकडील कन्नड भागात ओव्हन्स यांच्या देखरेखीखाली अशा वसाहती झाल्या. डोंगरातील माणसाला जमीन, बी, बैल आणि तगाई देऊन खाली आणावयाचे आणि त्याला 'स्थिर' करावयाचे, असा तो प्रयोग. १८४३ साली ग्रॅहम यांनी लिहिलेल्या भिल्लांविषयीच्या वृत्तांतात या धोरणाची हकीकत सविस्तर आली आहे. पलटणीसाठी एकटा पुरुष चालत होता. वसाहतीसाठी कुटुंब आवश्यक होते. लढणारा भिल्ल आणि नांगरणारा भिल्ल यांत सरकारने जो भेद मानला, तो अखेरीस चुलीचा भेद होता.

यातील विपर्यास लक्षात घेण्याजोगा आहे. भिल्ल हे त्या प्रदेशाचे जुने रहिवासी. पण वसाहतीच्या भाषेत तेच 'नव्याने वसविलेले' ठरले. ज्या स्त्रीने जन्मभर त्याच डोंगरात मोहाची फुले वेचली, तिला सपाटीवरच्या झोपडीत आणून बसविल्यावर तो तिच्या दृष्टीने परका मुलूख होता, मग अंतर पाच कोसांचे का असेना. नवा देश हा नकाशावरच्या अंतराने ठरत नाही. पाणी कोठून आणावयाचे, सरपण कोठे मिळते आणि शेजारीण कोणत्या भाषेत बोलते, यांवरून तो ठरतो.

शेजारणीच्या भाषेचा उल्लेख झाला, तेव्हा आता मूळ मुद्द्याकडे वळण्यास हरकत नाही. कागदाने जे नोंदले नाही ते बोलीने काही अंशी जपून ठेवले आहे. बोलीचा पुरावा तारखेच्या कामी फारसा येत नाही, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. एखादा शब्द कोणत्या शतकात आला हे सांगणे कठीण असते. पण तो माजघरातून आला की बाजारातून, हे पुष्कळदा सांगता येते.

खानदेशच्या पूर्वभागात, यावल, रावेर, भुसावळ या तालुक्यांत, लेवा पाटीदार समाजाची दाट वस्ती आहे. त्यांचे पूर्वज गुजरातेतून, पावागडाच्या बाजूने आले, अशी त्यांची परंपरा सांगते. पश्चिमेकडे, शहादे व आसपासच्या भागात (हा भाग १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होता, नंतर नंदुरबार जिल्ह्यात गेला), तसेच चोपड्याकडे, गुजर समाज आहे. त्यांतील रेवे गुजरांचे नाव रेवेशी, म्हणजे नर्मदेशी, जोडले जाते. दोन्ही समाज उत्तम शेतकरी म्हणून प्रसिद्ध. दोन्ही कुटुंबांनिशी आले. दोन्हींत सोयरीक आपल्याच समाजात होत आली. असे असता एक ठळक भेद आढळतो. गुजरांच्या घरांत गुजरी बोली टिकून राहिली. लेवा समाजाने मात्र गुजराती सोडली आणि तो जी बोली बोलतो ती मराठीचीच एक उपभाषा आहे. वऱ्हाडीप्रमाणे तीत 'ळ' चा 'य' होतो, 'डोळा' चा 'डोया' आणि 'काळा' चा 'काया' होतो.

मूळ भाषा घरात टिकण्याचे कारण बायको आपल्याच जातीची असणे हे होय, असा एक सोपा सिद्धांत मांडला जातो. नवरा एकटा आला आणि त्याने तेथील मुलगी केली तर मुले आईची भाषा बोलतात. दोघे मिळून आले तर घरची भाषा घरातच राहते, असा त्याचा आशय. सिद्धांत समजूतदार आहे. पण लेवा आणि गुजर यांचे उदाहरण शेजारी शेजारी ठेवले म्हणजे तो पुरा पडत नाही, हे दिसून येते. सोयरीक दोघांचीही आतच होती. मग एकाची भाषा गेली आणि दुसऱ्याची राहिली, हे कसे? प्रस्तुत लेखकाच्या मते उत्तर घराच्या आत नाही, ओट्यावर आहे. शहाद्याकडील गुजरांच्या भोवती भिल्ल वस्ती होती, गुजरात जवळ होता आणि मळ्यात राबणारे मजूर निराळ्या बोलीचे होते. मालकीण आणि मजूर बाई यांच्यात जे बोलणे होई ते कामापुरते होई. पूर्वेकडे लेवा कुटुंबांच्या भोवती मराठी बोलणाऱ्या कुणबी, माळी, बलुतेदारांची गावे होती. तेथे नव्या सुनेला विहिरीवर, नदीवर आणि वेचणीच्या शेतात ज्या बायका भेटल्या त्या तिच्या बरोबरीच्या होत्या. बरोबरीच्या शेजारणींशी भांडावयाचे असेल तर त्यांचीच भाषा यावी लागते. मैत्रीपेक्षा भांडणाने भाषा लवकर येते, हे कोणत्याही पाणवठ्यावर पाहण्यास मिळेल.

तथापि भाषा गेली म्हणजे सर्वच गेले असे नव्हे. क्रियापदे व प्रत्यय शेजाऱ्यांचे झाले. काही नामे घरची राहिली. ती कोणती, हे पाहणे उद्बोधक आहे. पित्याच्या बहिणीला देशावरील मराठीत 'आत्या' म्हणतात. खानदेशात तिला सर्रास 'फुई' म्हणतात, आणि गुजरातीत ती 'फोई' आहे. प्रस्तुत लेखकाच्या लहानपणी घरात 'आत्या' हा शब्द पाठ्यपुस्तकातला मानला जाई. हाक 'फुई' अशीच असे. म्हातारीला 'डोकरी' म्हणण्याची चाल खानदेशाप्रमाणे गुजरातेतही आहे. दळावयाच्या जात्याला लेवा बोलीत 'घरोट' हा शब्द आहे. संस्कृत 'घरट्ट' शी त्याचे नाते स्पष्ट आहे. बहिणाबाई चौधरी यांच्यामुळे हा शब्द साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाला. बहिणाबाई (१८८०-१९५१) आसोद्याच्या, सासर जळगावचे. नवरा १९१० साली निवर्तला. त्यांची गाणी त्यांच्या पश्चात १९५२ साली ग्रंथरूपाने निघाली, तेव्हा पुण्यामुंबईच्या रसिकांना जी भाषा नवी वाटली, ती त्या बाजूच्या माजघरांत नित्याची होती. आसोदे ते जळगाव हे अंतर काही फार नाही. परंतु त्यांच्या गाण्यांत माहेर आणि सासर ही जशी दोन राज्ये म्हणून उभी राहतात, ते पाहता प्रत्येक विवाहित स्त्रीच्या वाट्याला एक स्थलांतर येतेच, असे म्हणावे लागते. पुरुषाच्या स्थलांतराला इतिहासाने वसाहत म्हटले. स्त्रीच्या स्थलांतराला केवळ लग्न म्हटले.

स्वयंपाकघरातही अशीच सरमिसळ आहे. खानदेशची वरण-बट्टी माळव्याच्या दाल-बाटीची बहीण दिसते. ज्वारीत उडीद मिसळून केलेल्या कळण्याची भाकरी मात्र या मातीची. खापरावरचे मांडे, कानबाईचे रोट, आखाजीला माहेरी आलेल्या मुलींचे झोके आणि गौराई, यांतले कोणते बिऱ्हाडाबरोबर आले आणि कोणते येथे मिळाले हे वेगळे करू पाहणे व्यर्थ आहे. सुनेने आणलेला पदार्थ सासूच्या हाताने बदलतो आणि दोन पिढ्यांनी तो 'आमच्याकडचा' होतो. आखाजीचे आणखी एक वैशिष्ट्य सांगितले पाहिजे. याच सुमारास सालदाराचे साल संपते व नवे ठरते. म्हणजे मुलगी ज्या सणाला माहेरी परतते, त्याच सणाला भूमिहीन माणूस दुसऱ्याच्या वाड्यात राहण्यास जातो.

आता अहिराणीचा प्रश्न येतो. 'अहिराणी म्हणजे गुजराती आणि मराठी यांची खिचडी' हे विधान आजही शिकलेल्या माणसांच्या तोंडी ऐकू येते. ग्रिअर्सन यांच्या 'भारतीय भाषांच्या सर्वेक्षणा' त खानदेशी बोली मराठीच्या खंडात (सातवा खंड, १९०५) न येता भिल्ली बोलींबरोबर नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) आली आहे. तीमुळे काहींना अभिमान वाटला, काहींना राग आला. भाषाशास्त्राच्या दृष्टीने राग-अभिमान दोन्ही अप्रस्तुत आहेत. पण पुरावा पाहण्याजोगा आहे. अहिराणीत षष्ठीचा प्रत्यय 'ना, नी' असा आहे : 'घरना', 'गोपाळनी माय'. 'आहे' यासाठी 'शे' येतो. 'मला' यासाठी 'माले', 'भूक लागली' यासाठी 'भूक लागनी', 'काय करीत आहेस' यासाठी 'काय करी ऱ्हायना'. यांतील 'ना, नी' आणि 'शे' गुजरातीच्या 'नो, नी' आणि 'छे' यांजवळ जातात. 'माले' मधला 'ले' वऱ्हाडी 'मले' ची आठवण करून देतो. आता ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी : वर लेवा बोलीत आपण पाहिले की नव्याने आलेल्या कुटुंबाची नामे टिकतात आणि प्रत्यय जातात. अहिराणीत तर प्रत्ययच गुजरातीच्या जवळचे आहेत. तेव्हा हे साम्य एकोणिसाव्या शतकात बैलगाड्यांतून आलेल्या बिऱ्हाडांनी आणलेले असू शकत नाही. ते फार जुने आहे, आणि नवी बिऱ्हाडे आली ती या बोलीच्या अंगणात आली. खिचडी म्हणणारे लोक दोन निराळ्या गोष्टी एकाच पातेल्यात घालतात. एक, तापीच्या खोऱ्यातील जुनी बोली, जिचा सांधा दोन्ही भाषांशी आहे. दुसरी, त्या बोलीत शिरलेली माजघरांची शब्दसंपत्ती. पहिलीचा अभ्यास पुष्कळ झाला, होत आहे. दुसरीकडे लक्ष कमी गेले, कारण ती कोशात विखुरलेली असते आणि ती आणणाऱ्या माणसांची नावे कोठेच नाहीत.

नवराबायको एकमेकांची नावे घेत नाहीत, ही चालही येथे आठवते. ती 'अमक्याना बाप' म्हणते, तो 'अमक्यानी माय' म्हणतो. षष्ठीचा प्रत्यय नसता तर खानदेशातील दांपत्यांना एकमेकांना हाक मारणे कठीण झाले असते, असे विनोदाने म्हणता येईल.

विसाव्या शतकात प्रवाहाची दिशा फिरली. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्याचा लोहमार्ग सुरतेहून अंमळनेरपर्यंत आला व पुढे जळगावास मिळाला. सुरत ते जळगाव हे अंतर सुमारे तीनशे किलोमीटरांचे. ज्या खोऱ्यातून कुटुंबे पूर्वेकडे आली, त्याच खोऱ्याने ती पश्चिमेकडे जाऊ लागली. आणि १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन झाल्यावर हे जाणे परराज्यात जाणे ठरले. त्याच वेळी पश्चिम खानदेशाचे नाव धुळे व पूर्व खानदेशाचे जळगाव असे झाले.

या जाण्याचे दोन प्रकार आहेत. पहिला ऊसतोडीचा. १९५० नंतरच्या दशकात बारडोली परिसरात सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि तोडीसाठी खानदेशातून, विशेषतः धुळे जिल्ह्यातून, मजूर नेले जाऊ लागले. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी या मजुरांचा अभ्यास करून १९७८ साली त्यावर विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. या व्यवसायात भरतीचे एकक 'कोयता' हे आहे. कोयता म्हणजे ऊस तोडण्याचे हत्यार. परंतु मुकादमाच्या वहीत एक कोयता म्हणजे एक जोडपे, कित्येकदा बरोबर एक मूलही. पुरुष ऊस तोडतो, बायको पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर वाहते. एकट्याला 'अर्धा कोयता' म्हणतात. उचल कोयत्यावर मिळते, हिशेबही कोयत्यावर होतो, आणि पैसे सामान्यतः पुरुषाच्या हाती जातात.

दोनशे वर्षांपूर्वीच्या कौलाशेजारी ही वही ठेवून पाहावी. तेथे संसाराला 'औत' म्हटले आणि बाईला वगळले. येथे तिच्यावाचून करारच होत नाही, म्हणून ती वहीत आली. पण आली ती हत्याराच्या अर्ध्या भागाच्या रूपाने. पुरुषही माणूस म्हणून आला नाही, हे खरे. परंतु त्याचे नाव तरी लिहिले जाते. दिवाळीनंतर शेताच्या कडेला उभी राहणारी आणि उन्हाळ्यात मोडली जाणारी खोपी हे या जोडप्याचे घर. तेथेही तीन दगडांची चूल असते आणि दिवा लागतो. तरी महसुली भाषेत ती वस्ती नव्हे. भाषेचा प्रश्न येथे फारसा उद्भवत नाही. नवापूरकडील मावची बोलणाऱ्या जोडप्याला सोनगडच्या बाजूस आपलीच बोली भेटते, आणि फडातील लोकांचा गावकऱ्यांशी संबंध इतका थोडा येतो की भांडण्याइतकीही ओळख होत नाही.

दुसरा प्रकार सुरतेचा, आणि खऱ्या अर्थाने नव्या मुलखातल्या संसाराचा. यंत्रमाग व कापड-प्रक्रिया यांच्या कारखान्यांत खानदेशातील तरुण गेले. ऊधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत त्यांची दाट वस्ती झाली. क्रम सामान्यतः ठरलेला असे. प्रथम पुरुष एकटा जाई. गावच्या चारपाच जणांबरोबर खोलीत राही, पाळीने काम आणि पाळीने झोप. मग लग्न, मग वर्षा-दोन वर्षांनी बायकोला नेणे. 'बिऱ्हाड नेले' असे गावी म्हणतात, आणि तो शब्द अचूक आहे. कारण मराठीत 'बिऱ्हाड' म्हणजे राहण्याची जागाही, तेथील चीजवस्तूही आणि माणसेही. बिऱ्हाड नेईपर्यंत तो 'सुरतेस कामाला' असतो, नेल्यावर 'सुरतेस राहतो'. गावची क्रियापदे हा भेद काटेकोरपणे पाळतात.

बाईच्या दृष्टीने पहिले वर्ष कठीण. पाणी नळाचे, तेही ठरावीक वेळी. शेत नाही, ओटा नाही, आखाजीचा झोका बांधण्यास झाड नाही. घरबसल्या साडीला टिकल्या लावणे, भरतकामाचे लोंबते धागे कापणे अशी उक्ती कामे मिळतात. भाजीवालीशी घासाघीस गुजरातीत करावी लागते, आणि येथे अहिराणी अनपेक्षितपणे उपयोगी पडते. 'घरना' पासून 'घरनो' पर्यंत, 'शे' पासून 'छे' पर्यंत जावयास फार चालावे लागत नाही. शाळेत प्रमाण मराठी शिकलेल्या नवऱ्याला जे अवघड जाते ते कित्येकदा कमी शिकलेल्या बायकोला सोपे जाते. ज्या बोलीची गावी शाळेत थट्टा होई, तीच परगावी बाजारात कामास येते, याची नोंद शिक्षणशास्त्रज्ञांनी घ्यावयास हवी.

या वसाहतीने संकटेही पाहिली. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने काही दिवसांत लाखो माणसांनी सुरत सोडली. भुसावळकडे जाणाऱ्या गाड्या भरून गेल्या. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडाला. तापीचे पाणी खानदेशातूनच येते, हे तेथील खानदेशी माणसास निराळे सांगावे लागले नसेल. दोन्ही वेळा बहुसंख्य लोक परत कामावर आणि घरी आले. जो मुलूख संकटात सोडून पुन्हा परतावेसे वाटते, तेथे संसार रुजला असे समजण्यास हरकत नसावी. श्रावणात लिंबायतेतही आता कानबाई बसते.

मुलांच्या भाषेचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. सुरत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत; पण तेथील पुस्तकांची मराठी ही या मुलांच्या घरची बोली नव्हे. गुजराती शाळेत घातले तर नोकरीस सोयीचे, हिंदी तर गल्लीतच आहे. अशा मुलाची मातृभाषा कोणती लिहावी? खानेसुमारीने या प्रश्नावर स्वतःच पुष्कळ हिंदोळे घेतले आहेत. १८८१ मध्ये मातृभाषा विचारली, १८९१ मध्ये आईबापांची भाषा विचारली, १९०१ मध्ये नित्य वापरातील भाषा विचारली. स्वातंत्र्योत्तर खानेसुमारीची व्याख्या अशी की, बालपणी आई त्या व्यक्तीशी जी भाषा बोलली ती मातृभाषा. आई तान्हेपणी वारली असल्यास बालपणी घरात मुख्यत्वे बोलली गेलेली भाषा. कौल आणि तगाईच्या कागदांत जिला जागा नव्हती, तिच्या तोंडच्या शब्दावर अखेर सरकारची एक मोजणी उभी राहिली.

ती मोजणी किती चंचल आहे तेही पाहावे. 'खानदेशी' या शीर्षाखाली, ज्यात अहिराणीचाही समावेश होतो, १९९१ मध्ये सुमारे नऊ लाख ७३ हजार माणसे होती. २००१ मध्ये ती वीस लाख ७५ हजार झाली. २०११ मध्ये पुन्हा अठरा लाख ६० हजारांवर आली. दहा वर्षांत दुप्पट होण्याइतके जनन कोठे होत नाही, आणि पुढच्या दहा वर्षांत दोन लाख माणसे मुकी झाली असेही नाही. बोलणारे तेच होते, उत्तर बदलले. प्रगणक दारात आला तेव्हा उत्तर कोणी दिले, नवऱ्याने की बायकोने, आणि 'मराठी' म्हणणे प्रतिष्ठेचे वाटले की 'अहिराणी' म्हणणे, यांवर लाखांचा फरक पडला.

सुरतेतील तिसऱ्या पिढीच्या घरी व्याख्येची अडचण अधिकच वाढते. तेथे आई नवऱ्याशी अहिराणीत बोलते, शिक्षिकेशी शाळेतल्या मराठीत, आणि मुलाला गुजराती नीट यावी म्हणून पुष्कळदा त्याच्याशी मुद्दाम गुजरातीत. व्याख्येप्रमाणे त्या मुलाची मातृभाषा गुजराती. तेच मूल सुटीत आजोळी शिंदखेड्यास किंवा पारोळ्यास गेले म्हणजे आठ दिवसांत 'काय करी ऱ्हायना' म्हणू लागते. वडिलांच्या बहिणीला मात्र ते दोन्हीकडे 'फुई' म्हणते. सुरतेच्या गुजराती पुस्तकात ती 'फोई' आहे, आणि मराठी पुस्तकात 'आत्या'.